चार दिवे, लाल किती

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि शेजारच्या काकूंकडे जाताना अजिबात दुखत नाही. बाबांचा खोकला थांबला. फोनच करणार होतो, पण तुझा फोन डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत वाजतो आणि तिथे तुझ्या शेजारी कुणीतरी असतंच. म्हणून लिहितो आहे. हा तिसरा कागद आहे. आधीच्या दोन्हींवर खाडाखोड झाली.

शनिवारपर्यंत मला दोनपैकी एका उड्डाणशाळेत नाव घालायचं आहे, हे तुला माहीत आहे. परवा तू विचारलंस, ठरलं का? मी म्हणालो, ठरतंय. वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे मोठी शाळा, उजवीकडे छोटी. डाव्या रकान्यात एकोणीस मुद्दे झाले, उजवीकडे चार. एवढा फरक असताना माणसाने पाच मिनिटांत ठरवायला हवं. मला पंधरा दिवस लागले आणि डोक्यातला गुंता वाढतच गेला. सगळं क्रमानं सांगतो. मध्येच शेवट सांगितला तर माझाच क्रम चुकेल.

आधी बाबांचं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते माझ्याबद्दल सांगतात. काटा दुरुस्तीला टाकायला आलेला माणूस पावती मागतो आणि बाबा त्याला विचारतात, वैमानिकाला किती वर्षं लागतात माहीत आहे का? गेल्या आठवड्यात तो धान्याचा व्यापारी आला होता, सतत टोमणे मारणारा. म्हणाला, तुमचा मुलगा विमान चालवायला लागला की प्रवाशांना आधी काट्यावर उभं करेल! बाबा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग शांतपणे म्हणाले, करेलच, आणि एका ग्रॅमची चूक होणार नाही. मी आत बसून प्रमाण वजनं पुसत होतो. ती चिमट्यानंच उचलावी लागतात, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. त्या दिवशी माझ्या हातून चिमटा दोनदा सुटला.

बाबांचा हात थरथरायला लागला म्हणून मी दहावीनंतर दुकानात बसलो, आणि बारावी बाहेरून केली, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन, तेही तुझ्या जुन्या वह्यांवर. पण विमानाचं वेड मला कुठून लागलं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी छोट्या विमानतळावरचा सामानाचा काटा बिघडला होता, तो बसवायला मी गेलो होतो. तिथे एक शिकाऊ मुलगी उड्डाणाआधी प्रत्येक पिशवीचं वजन करून कागदावर मांडत होती. पुढे किती, मागे किती, इंधन किती, स्वतः किती. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, तोल चुकला तर उडेल, पण नीट उतरणार नाही. मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे! फक्त काटा हवेत आहे. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. बाबांना वाटतं मला गणवेश आवडतो. मला ती बेरीज आवडली होती.

आता शाळांचं. मोठी शाळा शहरात आहे, काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. आत गेल्यावर गार वारा आणि नव्या खुर्च्यांचा वास. त्यांच्याकडे विमानाच्या पुढच्या भागासारखी खोली आहे, सिम्युलेटर म्हणतात तिला, आत बसलं की पडद्यावर धावपट्टी दिसते. तिथला मॅनेजर फार गोड बोलतो. मी त्याला प्रश्नांची यादी दाखवली. तो म्हणाला, असे विद्यार्थी आले तर आमच्या मास्तरांना रजा टाकावी लागेल. अकरावा प्रश्न असा होता की, वैद्यकीय तपासणी तुम्ही पुन्हा घेता का? तो म्हणाला, डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलंय ना? मग झालं तर. आम्ही कागद बघतो, डोळे कशाला बघू? डाव्या रकान्यातला पहिला मुद्दा तो होता, ताई. सिम्युलेटर दुसरा.

छोटी शाळा त्याच छोट्या विमानतळावर आहे. पत्र्याची शेड, चार विमानं, त्यातलं एक कायम उघडलेलं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत, केस बारीक कापलेले. सगळे त्यांना आत्या म्हणतात, टॉवरवरची माणसंसुद्धा. त्यांनी माझी यादी बघितली नाही. माझ्या नखांकडे बघून विचारलं, काय काम करतोस? काटे दुरुस्त करतो म्हटल्यावर खूश झाल्या. मग म्हणाल्या, चल, आमच्याकडची एक पद्धत आहे, ती उरकून घेऊ. नियमात ती नाही, आत्यांनीच घातली आहे. नव्या मुलाने धावपट्टीच्या कडेला उभं राहायचं. टॉवरवरून एक दिवा रोखतात, कधी हिरवा, कधी लाल, कधी पांढरा, आणि त्याने रंग मोठ्यानं ओरडून सांगायचा. रेडिओ बंद पडला तर वैमानिकाला तो दिवाच सांगतो, उतर किंवा उतरू नकोस. माझ्या आधी एक मुलगा उभा राहिला आणि धडाधड सांगत गेला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, माझी बस निघेल, पुन्हा येतो. त्या वेळी दुपारचे सव्वाबारा वाजले होते आणि बस दर वीस मिनिटांनी असते. आत्या म्हणाल्या, ये की, दिवा कुठे पळून जातोय!

त्या रविवारबद्दल आपण कधी बोललो नाही. आज मला बोलायला हवं. मला रंग कळत नाहीत हे लहानपणी फक्त तुलाच नीट माहीत होतं. आई मला टोमॅटो आणायला पाठवायची आणि मी कच्चे घेऊन यायचो. आई ओरडायची, डोळे काय घरी ठेवून गेला होतास? मग तू मला बोटानं दाबून बघायला शिकवलंस, देठाजवळ वास घ्यायला शिकवलंस, आणि पुढे गल्लीत माझ्याइतके चांगले टोमॅटो कुणी आणत नव्हतं. मला जे दिसत नाही ते मी दुसऱ्या वाटेनं शिकतो, ही तुझीच शिकवण. वैद्यकीय तपासणीची तारीख आली तेव्हा मी तुला फोनवर एवढंच म्हणालो होतो की, ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, रंगांत लपलेला आकडा ओळखायचा असतो, बहुतेक तिथेच संपेल. तू शनिवारी आलीस आणि पिशवीतून तेच पुस्तक काढलंस. सोमवारी सकाळपर्यंत दवाखान्यात ते कुणी शोधणार नाही म्हणालीस. आणि म्हणालीस, एवढं एकच पुस्तक आडवं येतंय ना? मग पाठ करून टाकू.

अडतीस पानं. आई भाजी चिरत होती आणि तिला वाटत होतं आपण पत्ते खेळतोय. मला आकडा दिसत नव्हता, पण ठिपके दिसत होते. डाव्या कडेला तीन मोठे ठिपके एका ओळीत आले की आकडा हा. खाली कोपऱ्यात दोन ठिपके एकमेकांना चिकटले की आकडा तो. तू पानं पिसून विचारायचीस, उलटं धरून विचारायचीस. रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझी एकही चूक झाली नाही आणि तू माझ्या पाठीत असा धपका मारलास की आई बाहेर बघायला आली. तपासणीच्या डॉक्टरांनीही पानं मागेपुढे केली. मी एकदाही थांबलो नाही. ते म्हणाले, नजर चांगली आहे. मी थँक यू म्हणालो. पाठ करणं म्हणजे फसवणं, असं मला त्या वेळी वाटलं नाही. आपण पाढे पाठ करतो तसंच वाटलं. आता मी तो क्षण पुन्हा पुन्हा तपासतो आणि खरंच वाटलं नव्हतं, की वाटूनही मी तिकडे बघितलं नाही, ते मला ठरवता येत नाही.

मागच्या सोमवारी मोठ्या शाळेनं मला शहराच्या विमानतळावरून अर्ध्या तासाची चाचणी-भरारी दिली. शेजारी तरुण प्रशिक्षक होता. वर गेल्यावर त्यानं दांडा माझ्या हातात दिला. काट्याची सुई शून्यावर आणताना हात जितका हलका ठेवावा लागतो, तितकाच हलका इथेही लागतो. मी इतका आनंदात होतो की मला भीती वाटायचीही राहून गेली. मग आम्ही उतरायला लागलो. धावपट्टीच्या डाव्या हाताला चार दिवे असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले की विमान बरोबर उंचीवर आहे. लाल वाढले की आपण फार खाली आहोत. तो सहज म्हणाला, सांग बघू, लाल किती? मला चार दिवे दिसले, ताई. चारच दिसले. त्यातले काही जरा मंद वाटत होते, पण दोन की तीन, ते कळेना. मी म्हणालो, दोन. तो म्हणाला, शाब्बास! चुकलो असतो तर बरं झालं असतं. माझा अंदाज बरोबर आला आणि त्याने पुढे तपासलंच नाही, त्याची मला भीती वाटली. उद्या माझ्या मागे माणसं बसलेली असतील आणि मी दोन म्हणेन. खाली उतरल्यावर त्यानं पाठ थोपटली आणि मी तिथल्या विमानांच्या शेडमागे जाऊन ओकलो. त्याला वाटलं, विमान लागलं.

घरी आलो तर बाबांनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हणालो, छान. ते खोटं नव्हतं. तेव्हापासून मी सारखा दोन्ही बाजूंनी विचार करतो आहे. दिवे रोजच्या सरावानं मंद-तेज ओळखूनही वाचता येतील, टोमॅटोसारखे. पण टोमॅटो दाबून बघायला वेळ मिळतो. मग वाटतं, एवढे लोक उडवतात, त्यातल्या सगळ्यांना सगळं दिसत असेल कशावरून? मग वाटतं, हा विचार मी कुणासमोर मोठ्यानं करू शकेन का? आणि मी पुन्हा रकान्यांकडे वळायचो. मी शाळा निवडत नव्हतो. कुठे पकडले जाणार नाही, ते निवडत होतो.

आज गुरुवार. सकाळी साडेनऊला मी छोट्या विमानतळावर गेलो. आत्यांना म्हणालो, दिव्याची पद्धत राहिली होती. त्यांनी टॉवरला हात केला. पहिला दिवा लागला, मी ओरडलो, पांढरा! दुसरा लागला, पांढरा! तिसरा लागला तेव्हा मी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणालो, हिरवा. आत्यांनी टॉवरला दिवा बंद करायची खूण केली. मग म्हणाल्या, पहिला हिरवा होता, दुसरा पांढरा, तिसरा लाल. कागदावर तर तुझे डोळे ठणठणीत आहेत. मी सांगून टाकलं, पुस्तक पाठ केलं होतं. सगळं? अडतीस पानं. त्या एकदम हसल्या. म्हणाल्या, अरे, एवढी मेहनत आमची कार्टी हवामानाच्या पुस्तकावर घेत नाहीत! आणि मग हसू गेलं. म्हणाल्या, वैद्यकीय कार्यालयाला तू स्वतः कळव. सोमवारपर्यंत. नाहीतर मला कळवावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही. मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, पुस्तक कुठून आणलंस? मी म्हणालो, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. कुठलं दुकान? मला एकाही दुकानाचं नाव सुचलं नाही. त्या म्हणाल्या, मला सांगू नकोस, पण ते लोक विचारतील. आणि तुला खोटं बोलता येत नाही, बाळा, तेही शिकावं लागतं.

कार्यालयाचं पत्र लिहून झालं आहे. दोनदा वाचलं, चूक नाही. फक्त पुस्तकाच्या ओळीपाशी मी चार तास बसलो होतो. तिथे तुझं नाव लिहिलं तर तुझी नोकरी जाईल, आत्ता कुठे तुला तपासणीची खोली स्वतंत्र मिळाली आहे. दुकान लिहिलं तर एक खोटं मिटवायला दुसरं सुरू होईल. शेवटी मी लिहिलं, पुस्तक कुठून मिळालं ते मी सांगणार नाही. एवढंच. या ओळीमुळे ते मला कदाचित पुन्हा कधीच दारात उभं करणार नाहीत. विमानतळावर दुसरं काही काम मिळेल का, ते मला माहीत नाही. बाबांना कसं सांगायचं, तेही माहीत नाही. पण तुला मी ओळखतो. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू रजा टाकून त्या कार्यालयात जाशील आणि सगळं माझ्यामुळेच झालं म्हणून सांगशील. म्हणून हे पत्र. जाऊ नकोस. हे तुला शनिवारी मिळेल. कार्यालयाचं पत्र मी शुक्रवारी सकाळीच टाकणार आहे, तुला मला थांबवता येऊ नये म्हणून. तू विचारशील, त्या रविवारी मी चुकले का? मला कळत नाही, ताई. खरंच कळत नाही. तेवढं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलं नसतं, हे मात्र कळतं.

तुझाच, यापुढेही तुझाच,
धाकटा