मुलाला गाडी लागते

प्रिय छोट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर दोनदा सांगायला गेले, पण तू लगेच "ताई, तो विषय नको" म्हणतोस आणि मग आपण दोघं शेजाऱ्यांसारखं हवापाण्यावर बोलत बसतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. कवळीचा साचा वाळत घातलाय, तोवर मला हातात काही काम नाही. टेबलावर कोणाचे तरी दात माझ्याकडे बघून हसतायत, त्यांच्या साक्षीने लिहितेय.

विषय तोच आहे. आईने गाडी घेतली.

तुला ज्याची धास्ती होती तशीच घेतली. दिसायला साधी, करड्या रंगाची, चार दारांची, बाजारहाट करायला निघालेल्या माणसाची वाटावी अशी. पण बॉनेटखाली टर्बो इंजिन आहे, गिअर हातानेच टाकावे लागतात, आणि पेडल जरा दाबलं की पाठ सीटला जाऊन चिकटते. जुनी आहे, सेकंडहँड. आणि सगळी तिच्या स्वतःच्या पैशांनी. शाळेच्या मुलांची व्हॅन विकून आले ते आणि गाठीला होते ते, एवढ्यातच. मी देऊ केले तर म्हणाली, "तुझे तुझ्याजवळ ठेव, पेट्रोल महागलंय."

तू व्हॅनच्या शेवटच्या दिवशी इथे नव्हतास. शेवटच्या मुलाला त्याच्या फाटकाशी उतरवून आई घरी आली आणि तिने व्हॅन आतून-बाहेरून धुतली. सीटच्या फटींतून पेन्सिली, खोडरबर, एक मोजा आणि कोणाचा तरी पडलेला दुधाचा दात निघाला. तो तिने धुऊन माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घे, तुझ्या खात्यातला आहे." दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला येऊन व्हॅन घेऊन गेला. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आई दारात उभी होती. मला वाटलं, आता रडेल. ती आत आली, चहा टाकला आणि म्हणाली, "आता मला एक जोरात पळणारी गाडी घ्यायची आहे." मी हसले. ती हसली नाही.

त्याच आठवड्यात तिने तुला फोन केला. तू नवी कोरी ऑटोमॅटिक गाडी पाठवतो म्हणालास, आणि ते मनापासून म्हणालास हे मला ठाऊक आहे. विम्याच्या ऑफिसात दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघणाऱ्या माणसाने आपल्या आईला वेगवान गाडी घे म्हणून सांगावं, अशी माझीही अपेक्षा नव्हती. पण नंतर शब्दाने शब्द वाढला आणि तेव्हापासून तुम्हा दोघांत अबोला आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी गाडीचं ऐक.

पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले ती तिचा नाद सुटावा म्हणूनच. जुन्या गाड्यांच्या त्या मोठ्या आवारात विक्रेता सरळ माझ्याशीच बोलायला लागला. मी आईकडे बोट दाखवलं. त्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि समजूतदारपणे विचारलं, "मुलासाठी घेताय का, काकू?" आई म्हणाली, "नाही हो. मुलाला गाडी लागते." तो बिचारा म्हणाला, "मग ही अगदी योग्य आहे त्यांच्यासाठी!" आम्ही फाटकाबाहेर येईपर्यंत कसंबसं हसू दाबलं. बाहेर मात्र आई भिंतीला टेकून पोट धरून हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं होतं, ते आठवेना.

मला वाटलं होतं, ती रंग बघेल, चाकं बघेल आणि भुलेल. पण तिने आधीच ठरवलं होतं की हातातले सगळे पैसे गाडीत घालायचे नाहीत. एक वाटा बाजूला काढून ठेवायचा आणि तो विसरून जायचा. "जुनी गाडी घेतली की टायर, ब्रेक, ऑइल, पट्टा, सगळं आधी आपल्या हाताने नवं करून घ्यायचं. घेण्यातच सगळं संपलं तर ती नुसती दारात शोभेला," म्हणाली. त्यामुळे परवडणाऱ्यांपेक्षा खालच्याच गाड्या बघायच्या. त्याही अशा, की ज्यांचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतील. मिरवायच्या परदेशी गाड्यांपुढे ती थांबायचीसुद्धा नाही. इंजिनाचं तिला सगळं कळतं असं मुळीच नाही हं. जे कळत नव्हतं ते ती चष्मेवाल्या मेकॅनिकला विचारायची. तेच ते, ज्यांनी तिची व्हॅन जन्मभर सांभाळली. त्यांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "माझं मन राखायला हो म्हणू नका."

आणि नेमकं तसंच झालं. तिला एक लाल गाडी आवडली. नुसती आवडली नाही, जीव जडला. चालवून आली आणि मग घरभर गुणगुणत हिंडली. मी तर मनातल्या मनात ती घेतलीच असं धरलं होतं. चष्मेवाल्यांनी गाडी वर उचलून खालून टॉर्च मारला आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. समोरून कधीतरी जबर ठोकलेली होती, आतली पट्टी वेल्डिंगने जोडलेली. शिवाय आधीच्या मालकाने इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली, म्हणजे ते आतून किती झिजलंय ते देव जाणे. "वहिनी, नको," एवढंच ते म्हणाले. आई "बरं" म्हणाली, किल्ली परत केली आणि आम्ही बसने घरी निघालो. सगळी वाट ती खिडकीबाहेर बघत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "छान होती गं." एवढंच. छोट्या, माझ्या ओठांवर आलं होतं की घे ती, होऊ दे काय व्हायचं ते! जिला खूळ लागलंय ती बाई अशी उठून येत नाही. मी गेल्या वर्षी न बसणाऱ्या चपला घेतल्या, का तर त्या सुंदर होत्या. त्या दिवसापासून तिला अडवणं मी सोडून दिलं आणि तिच्याकडून शिकायला लागले.

आणखी एक. प्रत्येक गाडीत ती आधी मागच्या सीटवर जाऊन बसायची. पट्टे ओढून बघायची, सीटच्या खाचेत बोटं घालून चाचपायची. दोन दारांच्या गाड्या तर तिने बघितल्याच नाहीत, लाल रंगाचीही चार दारांचीच होती. मी विचारलं तर इतक्या सहज म्हणाली, "छोट्याच्या चिमणीची खुर्ची नीट बसायला हवी ना." पुढे मला विचारवेना.

करडी गाडी एका संगीतशिक्षकांची होती. आईने आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे ना बघितलं. गार इंजिन कसं सुरू होतं, धूर येतो का, आला तर कुठल्या रंगाचा, हे बघायचं असतं म्हणे. एका फिरकीत सुरू झालं, कुरकुर नाही. मग चढावर वरचा गिअर टाकून पाय दाबला, क्लच घसरतोय का बघायला. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, गाडी सरळ थांबते का बघायला. माझी पर्स पुढे जाऊन आदळली. मास्तर मागे बसले होते, त्यांनी डोळे मिटले होते. चष्मेवाल्यांनी खालून बघून सांगितलं की मागचे शॉकअप थकलेत, टायर चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, बाकी हाड पक्कं आहे. आईने किंमत पाडली, पण गाडीला नावं न ठेवता. "हे एवढं मला करावं लागेल, तेवढं तुम्ही सोडा," असं सरळ. मास्तरांनी सोडलं. "विकायची नव्हती हो," ते म्हणाले, "पण हिची सीट कडक आहे आणि माझ्या पाठीने राजीनामा दिलाय." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?" "मीच," आई म्हणाली. मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. किल्ली तिच्या हातात देताना म्हणाले, "हिला महिन्यातून एकदा तरी मनसोक्त पळवत जा. नुसती हळू चालवलीत तर रुसते."

आता तुला वाटेल, आणि तिने लगेच हमरस्त्यावर धुमाकूळ घातला. नाही. ती म्हणाली, "मला हळू चालवता येतं. जोरात चालवता येतं का, ते मला माहीत नाही. शिकावं लागेल." गावाबाहेरच्या वापरात नसलेल्या विमानतळावर सुट्टीच्या दिवशी गाडी चालवायचे वर्ग असतात, तिथे तिने नाव घातलं. हेल्मेट घातलेली आई! तिथली बाकीची मंडळी तिच्या नातवंडांच्या वयाची नसली तरी मुलांच्या वयाची नक्की होती. शिकवणारी मुलगी काटक, तोंडाने फटकळ. पहिल्या फेऱ्यांना आई इतकी हळू, की मागचा पोरगा हॉर्न वाजवायला लागला. ती मुलगी खिडकीशी वाकून म्हणाली, "काकू, तुमच्या गाडीत अंड्यांचे ट्रे आहेत का?" आई म्हणाली, "जन्मभर होते."

त्या मुलीला मग काय वाटलं कोण जाणे, ती स्वतः शेजारी बसली आणि दोन फेऱ्यांनंतर उतरून मला म्हणाली, "यांना वेग शिकवायचाय, बाकी शिकवण्यासारखं काही नाही. स्टिअरिंग असं वळवतात की गाडीला कळतसुद्धा नाही." आणि हळूहळू वेग आला. जेवणानंतर आईने मला बसवलं. वळण जवळ येत होतं आणि ती ब्रेक मारत नव्हती, आणि अजून मारत नव्हती, आणि मी मनात माझ्या कुलुपबंद कपाटातल्या वस्तू तुझ्या बायकोला देऊन टाकल्या. मग तिने ब्रेक दाबला, गाडी खाली बसल्यासारखी झाली, वळली आणि मोकळ्या पट्टीवर सुटली. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. लहान मूल चित्र काढताना जसं असतं ना, तोंड किंचित उघडं, आजूबाजूचं भान नाही, तशी ती होती. माझी आई, आणि मी तिला पहिल्यांदाच बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हेल्मेटमुळे ते पुसताही येईना.

परत येताना मी म्हटलं, "आई, इतकी वर्षं मन मारलंस ना गं आमच्यासाठी?" ती चक्क चिडली. "मन कशाला मारेन? लोकांची पोरं मांडीवरच्या पाण्याच्या भांड्यासारखी न हिंदकळता नेणं, हे काय लहान काम आहे? मला ते आवडायचं. आता हे आवडतं. माणसाला दोन गोष्टी आवडू नयेत का?" मग सिग्नलला थांबून म्हणाली, "तुम्हाला आईने त्याग केला म्हटलं की बरं वाटतं. मी मजेत होते." घराच्या फाटकातून तिने गाडी आत घेतली ती इतकी हलकेच, की पायरीवर झोपलेल्या मांजराने डोळाही उघडला नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. त्या दिवशी तुझा फोन स्पीकरवर होता आणि मी ओट्याशी उभी होते, त्यामुळे तुझं शेवटचं वाक्य मीही ऐकलं. "माझ्या मुलीला त्या गाडीत मी कधीही बसू देणार नाही." तू रागात बोललास, भीतीने बोललास, मला कळतं. पण कोणाला बोललास ते बघ. तिच्या व्हॅनमध्ये कोणाच्या पोराचा गुडघासुद्धा खरचटला नाही कधी. तिने फोन खाली ठेवला आणि पुसलेली शेगडी परत पुसत बसली. त्यावर माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही, आजतागायत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती तुझ्याकडे यायला निघतेय, एकटी, डोंगरावरच्या रस्त्याने. मी हे तुला कळवलंय हे तिला माहीत नाही. ती तुझ्याकडे माफी मागणार नाही, तुलाही मागायला लावणार नाही. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, की त्या दिवशी घरी थांब, आणि चिमणीचं काही ठरवण्याआधी तू स्वतः एकदा आईच्या शेजारी बस. मग काय ते ठरव, मी तुला एका शब्दाने विचारणार नाही. काल गाडीच्या काचा पुसताना मी आईला म्हटलं, तो नाहीच म्हणाला तर? तिने फडका पिळला, पुढच्या काचेवरचा एक डाग नखाने काढला आणि म्हणाली, "तर पोरीला बघेन, त्याला गाडी दाखवेन आणि परत येईन. घाटातला रस्ता फार सुंदर आहे म्हणतात."

तुझीच,
ताई