दादांची सोवळ्यातली बंडी

साखरखेर्डा,
ऐन धुंधुरमास

तीर्थरूप शरयूताईस,

नीळकंठाचा साष्टांग नमस्कार. (गोधडीत बसूनच घातला आहे, थंडी पाहता तेवढा गोड मानून घे.) तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि पुण्याची हवा ताळ्यावर असेल अशी आशा करतो. इकडे तुझी भावजय रेवती बरी आहे, मी दमलो आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुझा फोन आला की दादा शेजारी येऊन बसतात, आणि विषय त्यांच्याच आतल्या कपड्यांचा आहे. बापाच्या चड्डीबद्दल बापासमोर किती बोलणार?

तू पाठवलेलं थर्मल पोचलं. मागच्या हिवाळ्यात दादांना न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक तर छाती उबदार ठेवा, नाहीतर पहाटेची पूजा बंद करा. म्हणून तुझी घाई मला कळते. पण रामाच्या देवळात इतकी वर्षं गार पाण्यानं आंघोळ करून उघड्या अंगानं पूजा केलेला माणूस तो. दादांनी ते थर्मल काठीच्या टोकावर उचललं आणि कशाचं आहे विचारलं. मी (माझी अक्कल!) शिवणीतली पट्टी वाचून पॉलिएस्टर म्हणालो. पॉलिएस्टर कशाचं, तर प्लास्टिकचं. प्लास्टिकच्या पिशवीत शिरून देवाला गंध लावणार नाही, एवढं बोलून ते आंघोळीला गेले.

मग मी शास्त्रालाच हात घातला. सुती कापड सोवळ्यात चालतं, पण ते रोज धुऊन कोणाचा हात न लागता वाळवावं लागतं, आणि सध्या आपल्या अंगणात सुती बंडी दुपारपर्यंत ओलीच असते. ती घालण्यापेक्षा उघडं अंग परवडलं. लोकर मात्र मुळातच सोवळी. आजोबा लोकरीची धाबळी नेसूनच पूजा करायचे, त्यामुळे दादांना नाही म्हणता येईना. शाळेतून रजा काढून (कारकुनानं रजेच्या अर्जावर 'वडिलांची बंडी' हे कारण कसं लिहायचं ते तूच सांग) मी मेहकरला गेलो. इंद्रभान नावाच्या दुकानदारानं अस्सल लोकर, अस्सल लोकर म्हणत एक बंडी पुढे सरकवली. मी तिचा एक धागा मागून घेतला आणि काडी लावली. अस्सल असती तर केस जळाल्यासारखा वास आला असता. धागा वितळून त्याची गोळी झाली. इंद्रभानाच्या तोंडावरची माशी हलली नाही. "आता मेंढ्याच तशा राह्यल्या नाही भाऊ," म्हणाला. मी काडीपेटी खिशात टाकून परतीची एसटी धरली.

शेवटी रेवतीनं ट्रंकेतून आजोबांची धाबळीच काढली आणि तिच्यातून बाह्यांची बंडी आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी शिवली. ताई, ती धाबळी तुला आठवत असेल तर पुढचं सांगायला नको. बाभळीच्या काट्यांत लोळावं तशी ती टोचते. दादा पहाटे ती घालून गाभाऱ्यात गेले आणि खाज सुटली. आता सोवळ्यात खाजवलं की हात धुतल्याशिवाय देवाला शिवायचं नाही. रामाला गंध लागेपर्यंत तांब्या संपला, सीतामाईला कळशी लागली, आणि मारुतीसाठी मी बाहेरून बादली आणली. ऊब राहिली बाजूला, माणूस कोपरापर्यंत भिजून कुडकुडत होता. आरतीला तर ते या पायावरून त्या पायावर असे डोलायला लागले की पुढे बसणाऱ्या कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "गुरुजीले भाव आला," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी देवळात उभं राहायला जागा नव्हती.

त्यामुळे आता गाव पूजा सोडू देत नाही, दादांनाही सोडायची नाही, आणि धाबळी ते पुन्हा अंगाला लावत नाहीत. परत उघड्या अंगानं जातात. खोकला सुरू झाला आहे. ते चहा पिताना खोकतात आणि माझ्याकडे न बघता ठसका लागला म्हणतात. मला खरंच भीती वाटते ताई. बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नीळकंठ

ता. क. रेशीम राहिलं. रेशीमही सोवळं, शिवाय उबदार आणि मऊ. पण बाजारातल्या रेशमाला काडी लावत फिरायची ताकद माझ्यात उरलेली नाही. आपल्या घरात खात्रीचं रेशीम एकच होतं, आईचा लग्नातला शालू. तो आई गेल्यावर तू नेलास. मागायचा धीर होत नव्हता, म्हणून पत्र एवढं लांबलं.

ता. क. २. दादांना विचारूनच लिहितोय. म्हणाले, "तिनं जन्मभर सांगतलं, छाती झाकत जा. मी कधी आयकलं नाही. आता आयकतो."

ता. क. ३. शालू अख्खाच पाठव. बंडीला अर्धा पुरेल, पण रेवतीनं चड्डीचंही माप घेऊन ठेवलंय. (नातेवाइकांत सांगताना बंडीपुरतंच सांगू.) जरीचा काठ अंगाला टोचेल म्हणते, तेवढा नीट कापून तुला परत पाठवतो.