जास्तीची हवा

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच घातला, मनाने आडवी झाले आहे असं समज).

तुझी तब्येत बरी असेलच, असं लिहायचा रिवाज आहे, पण सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन असलेल्या माणसाला असं कसं लिहायचं? अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. बऱ्या डोळ्याने वाच आणि दुसऱ्याला विश्रांती दे. फोन करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, 'कुणी धावपळ करू नका, मी एकटी रिक्षाने जाईन.' वाचून मला राग आला आणि मग रडू आलं. तू घाबरलीस की एकटी जायच्या गोष्टी करतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेच्या दारात मी भोकाड पसरायचे तेव्हा स्वतःच्या वर्गाला उशीर करून तू बाहेर उभी राहायचीस. म्हणून तर मी शब्द दिला होता की तुला दवाखान्यात मी नेणार, आमच्या गाडीतून, स्वतः चालवत. (त्यावर तुझ्याकडून उत्तरात नुसतं 'बरं' आलं. त्या 'बरं'चा अर्थ मला कळतो.) लायसन्स हातात होतं, ड्रायव्हिंगचे मास्तर 'काकू, आता तुम्हाला देवच वाचवेल' म्हणायचे थांबले होते, आणि नेमका तेव्हा आमच्या गाडीत पिवळा दिवा लागला.

हा दिवा म्हणजे काय, तर डॅशबोर्डवर एक पातेल्यासारखं चित्र आणि त्यात उभं उद्गारचिन्ह. चाकांच्या आत म्हणे सेन्सर असतात, ते हवा मोजत बसतात आणि कमी झाली की चुगली करतात. यांनी दिवा पाहिला मात्र, गाडीची किल्ली खिशात घातली आणि जाहीर केलं की दिवा विझेपर्यंत तू स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मी म्हटलं, सोमवार तोंडावर आलाय. तर म्हणे, 'सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही.' तुला तर माहीतच आहे, उभा जन्म वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाले, पण खातं काही यांच्यातून निवृत्त झालं नाही. अजून किराणा दुकानात शिरले की वाण्याचा हात आपोआप तराजूपासून लांब जातो.

टायरवाल्याकडे गेलो. त्याने हवा भरली, दिवा विझला, मी किल्लीसाठी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं पुन्हा हजर! पुन्हा टायरवाला. त्याने एकेक चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवलं. हे गुडघ्यांवर हात ठेवून पाण्याकडे असे बघत होते, जसं काही चाक आता कबुलीजबाब देणार. एक बुडबुडा निघाला नाही. 'काका, पंक्चर नाही आणि सेन्सरही ठीक आहेत,' तो म्हणाला. त्यावर यांनी विचारलं, 'तुमच्या या हवेच्या मीटरची तपासणी शेवटची कधी झाली? शिक्का कुठाय?' त्या दिवसापासून आमची गाडी वळणावर दिसली की तो चहाला जातो.

मग यांनी घरीच खातं उघडलं. पायाने मारायचा पंप आणला आणि हवा मोजायचं एक चकचकीत गेज आणलं. गेज मखमली पिशवीत असतं (माझे कानातले साध्या डबीत असतात, हे जाता जाता सांगते). पहाटे कानटोपी घालून हे अंगणात पंप मारणार, दिवा विझवणार. संध्याकाळी गाडीतून फेरफटका मारून आले की वाकून चारही चाकं मोजणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा ठरलेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज हा सोहळा बघत होते आणि मनात सोमवार मोजत होते. एकदा तर इतकी चिडले की म्हटलं, त्या दिव्यावर टिकली लावते आणि निघते. यांनी घरातल्या सगळ्या टिकल्या कुलपात ठेवल्या.

शेवटी पहाटेच्या गारठ्यात घाम गाळून यांना सडकून सर्दी झाली. अंथरूण धरलं. मी किल्ली घेतली (ताप असलेल्या माणसाच्या खिशातून घेतलं तर ती चोरी होत नाही) आणि मास्तरांना शेजारी बसवून रोज संध्याकाळी चक्कर मारू लागले. आणि ताई, गंमत बघ. दिवा लागेना! सकाळी नाही, संध्याकाळी नाही. हे बरे झाले, उठले, संध्याकाळी गेज घेऊन अंगणात गेले, आणि सकाळी पातेलं परत आलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागेच उभी राहिले. हे वाकले, गेज लावलं, आकडा वाचला, 'जास्त आहे' असं पुटपुटले आणि नखाने व्हॉल्व्ह दाबून फुस्सकन हवा सोडली. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याला आणून सोडली, चारही चाकांची! जन्मभर कमी वजनवाल्यांना पकडलं, पण जास्तीचंही यांना सोसत नाही. मी म्हटलं, 'अहो, गाडी आत्ता चालून आलीय. चाकं तापलीत. दूध उतू जाताना पातेलं भरलेलं दिसतं म्हणून वरचं दूध कुणी ओतून देतं का? गार झालं की आपोआप खाली बसतं.' हे तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, कंबर धरली. तर वाकूनच म्हणाले, 'मग मोजायचं कधी?' मी म्हटलं, 'सकाळी, गाडी हलायच्या आधी.'

आज सकाळी त्यांनी गार चाकं मोजली, हवा बरोबर केली, आणि किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. चूक झाली असं तोंडाने म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, 'सावकाश जा. तुझ्याशिवाय मला इथे कोण आहे?' तेव्हा मला कळलं की दिवा पिवळा होता, पण माझ्या काळजीने पिवळे पडले होते हेच. मग मला त्यांच्यावर रागावता येईना.

तर रविवारी दुपारी मी पोचते. एकटी येते आहे, स्वतः चालवत. तू आता 'बरं' म्हण, पण नीट म्हण.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र पाकिटात घातल्यावर लक्षात आलं की टपालाने हे पोचेपर्यंत तुझ्या डोळ्याची पट्टीसुद्धा सुटलेली असेल. तेव्हा बरोबरच घेऊन येते.

ता. क. दुसरा. एकटी येते असं वर लिहिलंय, ते खोड. हे शेजारी बसून आले. वाटभर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते, त्याने इतके दमले की तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच झोप लागली.

ता. क. तिसरा आणि खरा. मी तुझ्या घराबाहेर आहे. गाडी तुझ्या कुंपणाच्या भिंतीला इतकी चिकटून लावली आहे की माझ्या बाजूचं दार उघडत नाही. दुसऱ्या बाजूला हे घोरताहेत, मांडीवर डबे आणि पिशव्या. उठवायला मन होत नाही, रात्रभर माझ्या काळजीने जागे होते. गाडी पुढेमागेही करणार नाही. तिचं तोंड दवाखान्याच्या रस्त्याकडे आहे, ते मोठ्या मिनतवारीने वळवलंय, उद्या सकाळपर्यंत तसंच राहू दे. मला काचेतून तू दिसते आहेस, पाठमोरी, झाडांना पाणी घालताना. हॉर्न तुला ऐकू येणार नाही आणि यांना येईल. म्हणून हे पत्र भिंतीवरून तुझ्या पायाशी टाकते आहे. कागद उडू नये म्हणून आत गेज गुंडाळलं आहे. ते आधी लपव. झोपायच्या आधी हे म्हणाले होते, 'पोचल्यावर एकदा मोजून बघतो,' आणि चाकं आत्ता सणसणीत तापलेली आहेत. उद्या सकाळी गार चाकांना लावायला ते तूच त्यांच्या हातात दे, आणि मग माझ्या शेजारी येऊन बस.