वरच्या दुधातलं पाणी

बाबा,

आज सकाळी नातीने डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर धरला आणि मोठ्याने वाचून दाखवला. बाळाला वर्ष होत आलं, आता गाईचं दूध सुरू करा, त्यात पाणी घालू नका. "ऐकलंस ना आजी? पाणी घालू नका," असं तिने पुन्हा एकदा बजावलं, कारण तिच्या मते जुन्या बायका दुधात पाणी ओतल्याशिवाय राहत नाहीत. मी म्हटलं, ऐकलं हो, बहिरी नाही झाले अजून. ती हसली आणि बाळाला आंघोळ घालायला गेली. मी मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसूनच राहिले. पंच्याऐंशीच्या घरातल्या बाईने कपभर दुधाला घाबरावं, हे सांगायचं तरी कुणाला? तुम्हालाच सांगते. तुम्ही गेलात त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण दुधाला माझ्याइतकं घाबरलेलं माणूस तुमच्याशिवाय मी दुसरं पाहिलेलं नाही.

एरवी तुम्ही कशाला घाबरत होतात? दवाखान्यात कंपाउंडर होतात तुम्ही. मी शाळा सुटली की तिथल्या बाकावर येऊन बसायचे आणि तुमचे हात बघायचे. लाल औषध बाटलीत ओतायचं, बाटलीच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. औषध खाचेच्या केसभर वर नाही की खाली नाही. डॉक्टर चुकतील पण कंपाउंडर चुकायचे नाहीत, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. पण त्याच घरात आणखी एक गोष्ट होती. माझा धाकटा भाऊ अकरा महिन्यांचा असताना आईचं दूध आटलं आणि तुम्ही त्याला वरचं दूध सुरू केलंत. पंधरा दिवसांत हगवण लागून तो गेला. मी सात वर्षांची होते. आईने तुम्हाला कधी दोष दिला नाही. एकदाच, सुपात तांदूळ निवडताना, कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "दूध जड पडलं त्याला." तुम्ही पडवीत होतात, मी तिच्या मांडीला टेकून. आपण दोघांनीही ते ऐकलं. पुढे आई गेली, पण ते वाक्य घरातच राहिलं.

स्वातंत्र्यानंतरचं सातवं-आठवं वर्ष असेल. आषाढात मला सासरी, नाटे गावात, मुदतीचा ताप आला. यजमान मुंबईला छापखान्यात. तुम्ही निरोप मिळताच एस. टी.ने आलात, मला आणि लेकीला रत्नागिरीला घेऊन गेलात. ताप उतरला तोवर माझं दूध आटलं होतं, आणि लेक होती अकरा महिन्यांची. नेमकी अकरा. आपण दोघांनीही तो आकडा उच्चारला नाही. तुमच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, आता ती काही तान्ही नाही, निर्भेळ गाईचं दूध द्या, सोबत मऊ भात द्या. घरी येताना तुम्ही मला म्हणालात, "डॉक्टर म्हणतात निर्भेळ, तर निर्भेळ." तुमचा आवाज औषध देताना असायचा तसाच होता. पण भाताचा पहिला घास मी भरवला तेव्हा तुम्ही उठून अंगणात गेलात, हे मी पाहिलं होतं.

दूध शेजारच्या, गडग्यापलीकडच्या, चाचीकडून यायचं. तिचे यजमान जहाजावर, मुलं मोठी झालेली, घरात ती आणि एक काळी गावठी गाय. सकाळ-संध्याकाळ ती दगडी गडग्यावरून तांब्या पुढे करायची. दोन्ही वेळचं दूध तापवायचं काम तुम्ही स्वतःकडे घेतलंत, मी तेव्हा लेकीपाशी असायचे. माझ्या अंगात ताकद नाही म्हणून असेल, असं मला वाटलं. सकाळचं तापवून, झाकून, फळीवर ठेवून तुम्ही दवाखान्यात जायचात, आणि मग मी, दूध आणि लेक असे तिघं घरात उरायचो. तिच्या दुधाची काचेची बाटली, बोंडलं, मी भरायला घ्यायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे. दुधावरची साय बघितली की मला भावाचं पोट दिसायचं, फुगलेलं. पहिल्या दिवशी मी दोन चमचे उकळलेलं पाणी घातलं. दोन चमच्यांनी काय होतं? तिसऱ्या दिवशी वाटी घातली. आठवड्याने दूध जेवढं, तेवढंच पाणी. तुम्हाला सांगितलं नाही. डॉक्टरांचा शब्द मोडला म्हणून तुम्ही रागवाल, याची भीती होती, आणि तुम्ही माझं ऐकून मला पाणी घालू द्याल, याची त्याहून जास्त होती. कारण मग तुम्हीही घाबरलेले आहात हे मला कळलं असतं, आणि त्या घरात न घाबरलेलं एक तरी माणूस मला हवं होतं.

लेक किरकिर करायला लागली. बोंडलं संपलं तरी ते सोडायची नाही, चोखतच राहायची. शी हिरवट आणि थोडी थोडी व्हायला लागली. ती भुकेची शी असते हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा वाटलं, दूध जड पडतंय. म्हणून मी आणखी पाणी घातलं. दर खेपेला दुपटं उलगडताना डोळे मिटून घ्यायचे आणि मग एकेक उघडायचे. श्रावण संपता संपता तिच्या दंडाची कातडी सैल लागायला लागली. तुम्ही एक दिवस तिला दवाखान्यात नेऊन वजन केलंत. परत आलात, वजनाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलीत, जेवायला बसलात, आणि भात तसाच कालवत राहिलात. मी विचारलं, "किती भरलं?" तुम्ही म्हणालात, "पावसात मुलं उतरतात थोडी." मी पदराने ताट पुसत बसले, ताट स्वच्छच होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही बोंडल्याच्या तळाशी उरलेलं दूध उजेडात धरून बघितलंत. निळसर होतं, काचेला चिकटत नव्हतं. "चाची पाणी घालते," तुम्ही म्हणालात. आणि मी, बाबा, मी म्हटलं, "मलाही तेच वाटतं." मला खरंच वाटत होतं. माझं पाणी मला माहीत होतं, पण एवढ्या पाण्याने दूध इतकं पातळ होणार नाही, मग उरलेलं तिचंच. तुमचाही हिशेब तोच होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी तुम्ही गडग्यापाशी जाऊन तिला सांगितलंत. ओरडला नाहीत, तुम्हाला ओरडता यायचंच नाही. चाची ऐकून घेऊन आत गेली. मला वाटलं, आता दूध बंद. पण संध्याकाळी, ऊन अजून अंगणात असताना, ती गाईला दाव्याने धरून आपल्या मागीलदारी हजर. "बाय, तुजा टोप आन," मला म्हणाली. "तुज्या भांड्यात काडतंय, तुज्या डोल्यासमोर. माजी चार पोरां ह्याच दुदावर वाडली." तिथेच उकिडवी बसली, धारा काढल्या, टोप माझ्या हातात दिला. दुधावर फेस होता आणि टोप ऊन लागत होता. मग ती जाईना. उंबऱ्याबाहेर बसली आणि आतली चूल बघत राहिली. तुम्ही नुकतेच दवाखान्यातून आला होतात. टोप माझ्याकडून घेतलात, चुलीवर ठेवलात, आणि तुमचा हात सवयीने बाजूच्या उकळलेल्या पाण्याच्या तांब्याकडे गेला. तुम्ही ओतायला लागलात. मी तुमच्याकडे बघत होते आणि मला काही समजत नव्हतं.

"ह्यो काय घातलाव, कंपाउंडर?" चाची म्हणाली.

तुम्ही तांब्या खाली ठेवलात. मग चुलीसमोर पाटावर बसलात, आणि जिच्यावर सकाळी आळ घेतला होता तिच्याकडे वळून दोन्ही हात जोडलेत. "मीच घालत होतो. पहिल्या दिवसापासून. अर्धं दूध, अर्धं पाणी. मला भीती वाटते हो, एक मुलगा गेलाय माझा." चाची बसल्या जागेवरून उंबऱ्याशी सरकली. मग म्हणाली, "पोर दुदानं नाय मरत, कंपाउंडर. भुकेनं मरतंय." एवढंच. आळ घेतल्याचं तिने तोंडातून काढलं नाही.

मी भिंतीला टेकून उभी होते. तुमचं अर्धं, आणि त्यात वर माझं अर्ध्याहून जास्त. म्हणजे माझ्या लेकीच्या तोंडात चौथाईसुद्धा दूध जात नव्हतं. हे मला उभ्या उभ्या कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "माफ कर गो, तुझ्या मुलीला मी उपाशी ठेवलं," आणि मी तोंड मिटलं. चाचीने माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं. तिला कळलं असावं. तिने दूध पुन्हा काढून दिलं, आणि ते मी बोंडल्यात तसंच भरलं, पाण्याशिवाय. लेक प्याली आणि झोपली. सकाळपर्यंत मी तिच्या पोटावर हात ठेवून होते. सकाळी तिने डोळे उघडले ते थेट बोंडल्याकडे बोट दाखवत. दिवाळीपर्यंत ती गडग्याला धरून चालायला लागली आणि पलीकडून चाची तिला हाका मारायची.

ती वाचली. पण तुम्ही त्यानंतर पहिल्यासारखे राहिला नाहीत. औषध ओतून झालं की बाटली दोनदा, तीनदा उजेडात धरायला लागलात. लेक शाळेत उंचीने मागे पडली, तुम्ही म्हणालात, माझ्यामुळे. तिला चष्मा लागला, तरी माझ्यामुळे. मी नुसतं म्हणायचे, काहीतरीच काय बाबा. आणि शेवटच्या आजारपणात तुम्ही तिला, विशीतल्या मुलीला, जवळ बोलावलंत आणि तिच्यासमोर हात जोडलेत. ती हसली, "आजोबा, काय हे!" मी तिथेच होते, तुमच्यासाठी कपात दूध घेऊन. त्याही वेळी बोलले नाही. तुम्ही ते सगळं एकट्याचं मानून सोबत घेऊन गेलात. ते एकट्याचं नव्हतं. पाणी माझंही होतं, आणि शेवटी शेवटी तुमच्यापेक्षा जास्त होतं. मी का बोलले नाही, याचं मला अजूनही एकच उत्तर सापडतं, भीती, आणि त्या उत्तराची मला लाज वाटते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. सकाळी नात न्हाणीघरात होती, पणतीच्या खिदळण्याचा आवाज येत होता, आणि गॅसवर तिचं दूध वर येत होतं. मी गॅस बंद केला. कपात दूध ओतलं. साय दिसली. आणि बाबा, मी दोन चमचे पाणी घातलं. नातीने बाळाला तेच पाजलं, तोंड पुसलं, मला म्हणाली, बघ किती छान प्यायली. संध्याकाळचं दूध तापवायची वेळ झाली आहे. ती स्वयंपाकघरात भांडी लावते आहे, मधूनच विचारते, आजी, काय लिहितेस एवढं? आज उठून तिला सांगायचं असं ठरवून बसले आहे. अजून उठलेली नाही.