खरकटं पाणी परत येऊ नये म्हणून

आई,

आपल्या घरात भांडी घासायचं मशीन आलंय. तू असतीस तर आधी कपाळावर हात मारून घेतला असतास आणि मग शेजारणीला हाक मारून दाखवलं असतंस. हौस म्हणून घेतलेलं नाही गं. तुझ्या सुनेला, जिला तू पाहिलंच नाहीस, साबणाचं पाणी सोसत नाही. बोटांची कातडी फाटते, रक्त येतं. पट्ट्या बांधून ती भाकरी थापते. डॉक्टरांनी हात पाण्यात घालायचे नाहीत म्हणून सांगितलं. मी घासतो म्हटलं, तर माझी घासलेली भांडी ती माझ्या पाठीमागं पुन्हा घासते. मग काय करणार, मशीन घेतलं.

बसवायला माणूस येणार होता, पण मला कुठला दम! कपड्याच्या मशीनची नळी आपण मोरीत सोडून देतो, तशी ह्या मशीनची सांडपाण्याची नळी मी जमिनीवरून सरळ नेली आणि सिंकखालच्या पाइपात खुपसली. रविवारी मटण होतं. ताटं मशीनमध्ये धुऊन झाली होती, तोवर हिनं रश्श्याचं पातेलं सिंकमध्ये उपडं केलं. सिंक तुंबलं, आणि ते पाणी नळीतून उलटं मशीनमध्ये शिरलं. दार उघडलं तर तळाशी लाल पाणी, खालच्या ताटांवर कटाचा तवंग. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोटांच्या पट्ट्या सोडल्या आणि सगळी ताटं पुन्हा घासायला घेतली. ‘‘खरकट्यात भिजलेलं मी कुणाला वाढणार न्हाय. द्या मशीन परत धाडून,’’ म्हणाली. तिच्या बोटांकडं मला बघवेना.

त्या क्षणी तूच बोललीस असं वाटलं. तू भांडी घासायचीस त्या खानावळीच्या मागच्या मोरीत उकिडवी बसली आहेस. शेजारी पातेल्यांचा ढीग. घासलेलं प्रत्येक ताट हात लांब करून पाठीमागच्या उंच कट्ट्यावर पालथं घालते आहेस. लहानगा मी मोठा कामाचा असल्यासारखा एक धुतलेलं ताट मोरीच्या काठालाच ठेवतो, आणि ओल्या हाताचा धपाटा पाठीत बसतो. ‘‘आरं, खरकटं काय वर चढून येतंय व्हय? आपणच भांडं त्येच्या वाटंत ठिवतो की!’’ त्या कट्ट्यापायी तुझा खांदा दुखायचा, तरी ताट कधी खाली राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गडमुडशिंगीचा प्लंबर आला. सिंकखाली डोकं घातलं आणि आतूनच गरजला, ‘‘पावणं, ही नळी कुणी जोडली म्हणायची?’’

‘‘मीच.’’

‘‘तरीच! आवो, म्हस धुतल्यालं पाणी तिच्याच पाणवठ्यात सोडल्यागत झालं की हे!’’ मनसोक्त हसून झाल्यावर त्यानं नळी ओढून घेतली, पार वर ओट्याच्या फरशीला खालून टेकवली, तिथं क्लिप ठोकून पक्की केली आणि मग खाली वळवून सिंकच्या पाइपाला जोडली, तेही जिथं पाणी साचून राहतं त्या वाकड्या भागाच्या वरच्या अंगाला. ‘‘मशीनचा पंप पाणी वर ढकलतोय. एकदा पलीकडं उतरलं की झालं. सिंक तुंबलं तरी एवढा चढ चढून पाणी म्हागारी येत न्हाय.’’

मी आ वासून बघत राहिलो. एवढंच? वीतभर वर नेलेली नळी! आई, खरं सांगतो, अंगावर काटा आला. हे मशीन कुठल्या देशातल्या कुठल्या शहाण्यानं काढलं कोण जाणे, पण धुतलेलं आणि खरकटं यांच्या मधे उंची ठेवायची हे त्यालाही कळलं होतं आणि तुलाही. तू कुणाकडनं शिकलीस? की रोज ढीगभर ताटं हाताखालून गेली की पाणी स्वतःच सांगतं? एवढं मोठं काहीतरी त्या मोरीत रोज चाललं होतं, ह्याचं नवल मला अजून आवरत नाही.

प्लंबरसमोरच हिनं सिंक काठोकाठ भरलं, बोळा काढला आणि मशीनचं दार उघडून आत हात फिरवला. कोरडं. तरी पुढचे काही दिवस ती प्रत्येक ताटाचा वास घेऊन बघायची. मग तेही थांबलं. आज सकाळी तिनं उघड्या बोटांनी भाकरी थापली, आणि एकदाही ‘‘स्स’’ केलं नाही.

तुझा आताचा पत्ता कुठल्याच टपालवाल्याला ठाऊक नाही, तेव्हा हे माझ्याजवळच राहील. एक मात्र तुझ्यापाशीच ठेव. मशीन चालू झालं की मी सिंकखाली हात घालून त्या वळणावर तळवा ठेवतो. गरम पाणी चढताना कळतं, उतरताना कळतं. ही विचारते, काय करताय? मी म्हणतो, गळतंय का बघतोय.

एक थेंब गळत नाही, आई.