गोटीसोडा आणि न घेतलेला कौल

३ एप्रिल १९५७

फुटली! पहिलीच बाटली फुटली. मशीनच्या पेटीत ठेवली, गॅस सोडला, दांडा फिरवला — आणि बार उडाल्यासारखा आवाज! मी टेबलाखाली. पंधरा वर्षं गलबतावर काढलेला माणूस, आणि टेबलाखाली!

पेठेतले दोघे-तिघे धावत आले. एकाने काच बघून विचारलं, कौल घेतला होतास ना? मी म्हटलं, घेतला. उजवा पडला.

खोटं. मी कौल घ्यायला गेलोच नाही.

५ एप्रिल

कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. गलबतावर असताना रोजची नोंद लिहायची सवय होती, ती अशी कामाला येते.

गेल्या वर्षी गलबत हाकारण्याआधी ग्रामदेवीला कौल लावला होता. गुरवाने देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या. आम्ही सगळे हात जोडून उभे. उजवीकडची पडली — होकार! आणि आठव्या दिवशी वेंगुर्ल्याच्या अलीकडे गलबत बुडालं. मी फळीला धरून राहिलो. नवा खलाशी शिवा राहिला नाही. एकोणीस वर्षांचा होता, दुसरीच फेरी. सुकाणू माझ्या हातात होतं.

तेव्हापासून दर्यावर पाय ठेवला नाही. लोक म्हणतात, बाबली भ्याला. खरंच आहे, भ्यालो! म्हणून हा सोड्याचा कारखाना. कारखाना कसला, एक खोली आणि एक मशीन. हा धंदा चालला नाही तर परत गलबतच. मला दुसरं येतं काय?

आता कौल उजवा पडला तर त्यावर विश्वास कसा ठेवू? आणि डावा पडला तर मशीनला हात कसा लावू? त्यापेक्षा गेलोच नाही.

सत्यवतीलाही उजवाच सांगितला. बायकोशी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. ती म्हणाली, बरां झालां. वर बघितलंसुद्धा नाही, भाकरी थापत राहिली.

९ एप्रिल

आज तीन फुटल्या. माझं खोटं देवीने ऐकलं, दुसरं काय! स्वतःला मोठमोठ्याने शिव्या घालत होतो. गाढवा, नालायका, पोराला बुडवलंस, आता बाटल्या बुडव! वळून बघतो तर दारात गंगाराम तांडेल उभे. याच म्हाताऱ्याच्या हाताखाली मी गलबत शिकलो. त्यांनी विचारलं, गाळी कोणाक घालतंस?

म्हटलं, माकाच.

ते खोक्यावर बसले. मग म्हणाले, “शिवान पयल्या फेरेक भाताचो टोप उपडो केल्लो. तेवा तू तेका काय म्हणालंस?”

मला आठवलं. सगळे उपाशी, पोरगं रडकुंडीला आलेलं. मी म्हटलं होतं, बस रे. चाय घे. मगे पूस.

“मगे?” गंगाराम म्हणाले. “हय नवो खलाशी कोण आसा? तूच मां? तेका तसाच सांग.”

उठले आणि गेले. मी काच गोळा केली. शिव्या चालूच होत्या, फक्त हळू आवाजात.

१० एप्रिल

भिऊन झोपलो. भिऊन उठलो.

१७ एप्रिल

लेमनच्या पिंपात साखर दुप्पट पडली. शिवी अगदी ओठावर आली होती. गंगाराम आठवले. इकडे-तिकडे बघितलं, कोणी नाही. म्हटलं, बाबली, बस रे. चाय घे.

इतकी लाज वाटली! आणि सत्यवतीला वाटलं मी चहा मागतो आहे, तिने आणून ठेवला. मग प्यावाच लागला. पिता पिता सुचलं की पाणी वाढवलं तर लेमन फुकट जाणार नाही. गेलं नाही.

पण शिवाचं आलं मनात की काही चालत नाही. त्याला चहा कोण देणार? तिथे मी स्वतःला सोडत नाही. सोडू नयेही.

२८ एप्रिल

मुंबईची बोट लागली. चाकरमानी किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरले ते घसे कोरडे करूनच. बंदरावर मांडलेल्या सगळ्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या! बोटाने गोटी दाबली की फस्स होतं, मुलं हसतात. मीही हसलो.

घरी आलो, पैसे मोजले आणि परत भ्यालो. इतकं बरं चाललं आहे म्हणजे पुढे काहीतरी ठेवलेलं असणार. गेल्या वर्षीही सात दिवस वारा छान होता.

६ मे

झालंच शेवटी. भरलेल्या बाटल्यांवर ओली गोणपाटं घालतो, उन्हाने तापू नयेत म्हणून. सत्यवती पाणी शिंपडायला वाकली आणि एक फुटली. काच तिच्या भुवईत. डोळा वाचला, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतराने! डॉक्टरने तीन टाके घातले. ती ओरडली नाही. वाटभर एकच म्हणत होती — माजाच चुकलां, माजाच चुकलां.

तिचं काय चुकलं? खोटं मी बोललो. शिवा गेला, आता ही.

बस रे, चाय घे — आज तोंडातून निघालं नाही.

७ मे

देवळापर्यंत गेलो. गुरव आत दिवा लावत होता. पायरीवरून परत फिरलो.

ठरवलं. उद्या तिला सगळं सांगायचं आणि मशीन बंद.

८ मे

सांगितलं. मी कौल घेतलाच नव्हता, म्हटलं.

ती भुवईची पट्टी चाचपत बसली होती. म्हणाली, “माका म्हायत होतां. मशीन येवच्या आदल्या दिवशी मीच कौलाक जावन इल्लंय. डावो पडलो. तुमी परत दर्यार जाशात, म्हणान गप रवलंय.”

म्हणजे पाच आठवडे फुटलेली प्रत्येक बाटली तिने स्वतःच्या माथी घेतली होती. माझ्यासमोर काच गोळा करत. ती रडायला लागली. म्हणाली, तुमका आदीच सांगूक होया होतां, चूक माजीच.

मी म्हटलं, गो, बस. तू माका बुडूक देवचां नाय म्हणान केलंस. ह्येच्यात चूक खंय आसा?

बोललो, आणि माझेच शब्द मला ऐकू आले. शिवा त्या रात्री ओरडला होता तेव्हा गलबत वाचावं म्हणून मी सुकाणू सोडलं नव्हतं. कोणालाच बुडू द्यायचं नव्हतं मला.

चहा मी केला. दोन कप ओतले. दुसरा माझा.