मधला खटका

आबा,

परवा सोसायटीची नवी पिकअप माझ्या दुकानात आली. तुम्ही वायरिंग केलेली जुनी गाडी केव्हाच भंगारात गेली, ड्रायव्हर मात्र तोच आहे, केस पिकलेला. यंदाही पाऊस नाही. दूध सोसायटी जनावरांची छावणी पुन्हा उघडतेय आणि गाडीमागं पाण्याची ट्रॉली जोडायची म्हणून त्याला वायरिंग करून हवी होती. ट्रॉलीवर पाण्याचा पंप, पंपाला वेगळी बॅटरी, आणि ती चालत्या गाडीवर चार्ज झाली पाहिजे. सगळं तेच. ट्रॉलीच्या तारा गाडीला जोडणाऱ्या सॉकेटच्या सात पिना मी साफ करत होते आणि तो चहा पीत म्हणाला, "ताई, काय बी करा, पण तुमच्या सासऱ्यासारखी वायरिंग नका करू. मानूस लई भला, पण त्याच्याच वायरिंगनं ऐन टायमाला त्याला दगा दिला." मी काय केलं सांगू? मी हसले. "न्हाई करत," म्हणाले. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून भरदुपारी हे लिहायला बसले आहे.

ऊस नाही म्हणून कारखाना बंद राहिला त्या साली तुम्ही हत्यारांची पेटी घेऊन घरी आलात. तुमची सगळी नोकरी कारखान्याच्या गाड्यांची वायरिंग करण्यात गेलेली, त्यामुळं रिकामं बसणं तुम्हाला जमेना. हे उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून कर्नाटकात गेले होते. घरात आपण दोघंच. अंगणात सोसायटीची जुनी पिकअप उभी केलीत आणि मला हाक मारलीत, "सूनबाई, जरा टॉर्च धर." टॉर्च धरता धरता मी तार सोलायला कधी लागले, मला कळलंसुद्धा नाही. चकलांब्याहून आलेले पाहुणे तुम्हाला म्हणाले, आबा, सुनंला गाडीखाली घालता, बरं दिसतं का? तुम्ही गाडीखालूनच म्हणालात, "गाडीला कळतंय का, हात बाईचा हाय का बाप्याचा?" पाहुण्यांचा चहा निवून गेला. त्या संध्याकाळी तुम्ही इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन तारा जोडून मला टेस्टर करून दिलात. माहेराहून आलेली भांडी मी कुठं कुठं देऊन टाकली, पण तो टेस्टर अजून माझ्या खिशात असतो. हो, आता मी खिशाचा झगा घालते कामावर. तुम्ही असता तर आधी हसला असता.

दोन बॅटऱ्यांचं गणित तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. मी भाकरी थापत होते, तुम्ही चुलीपाशी पाटावर. दोन हंडे शेजारी ठेवलेत, मध्ये पाण्याने भरलेली नळी टाकलीत, आणि एका हंड्यातून तांब्या तांब्यानं पाणी काढायला लागलात. दोन्ही हंड्यांतलं पाणी खाली उतरलं. "बगितलंस? ट्रॉलीवर पंप चालतोय, आन् बसती कोन? गाडीची बॅटरी. मंग गाडी सुरू व्हायची कशी?" नळी बोटांनी दाबलीत, तेव्हा एकाच हंड्यातलं उतरायला लागलं. "हे माजं बोट म्हंजी मदला खटका." मग काढलेलं सगळं पाणी परत हंड्यात ओतलंत, पाटावर सांडलेलं फडक्यानं टिपून तुळशीला पिळलंत. टँकर चार दिवसांआड यायचा तेव्हा.

तसा खटका तुम्ही गाडीच्या मागच्या फळीजवळ, सॉकेटच्या शेजारी बसवलात. लाल चावीचा. चावी फिरवली की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जायच्या, चालत्या गाडीवर ट्रॉलीची बॅटरी भरायची. गाडी थांबली की चावी उलट फिरवून काढून घ्यायची. फिरवताना खट्ट आवाज व्हायचा, अंगणातून स्वयंपाकघरात ऐकू येईल असा. ट्रॉलीचं अर्थिंग हुकाच्या लोखंडावर सोडायचं नाही, त्याला जाड स्वतंत्र तार. खड्ड्यात हूक हलला की दिवे मिणमिणतात आणि पंप दम खातो, हेही तेव्हाच सांगितलंत. छावणी उघडली तेव्हा ड्रायव्हरच्या धांदरटपणावर विश्वास नाही म्हणून लाल चावी तुम्ही माझ्याकडे दिलीत. मी ती पदराच्या गाठीत बांधायची.

आपणही आपली म्हैस घेऊन छावणीतच राहायला गेलो. तिथं वीज नव्हती. जनावरांपाशी राहिलेल्या बहुतेक बाया, त्यांची माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि बोलायला आधार फक्त मोबाइलचा. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, "अक्का, तुमच्या बॅटरीवर माजा फोन चार्ज हुईल का वो? पोरगं तापलंय तिकडं." मी कशी नाही म्हणणार? ट्रॉलीच्या बॅटरीला छोटा इन्व्हर्टर जोडला, फळीवर चार बोर्ड ठोकले. आठ दिवसांत वीस-बावीस फोन लटकायला लागले. तुम्ही पाहिलंत आणि चालू दिलंत. मग ट्रॉलीची बॅटरी पुरेना, तशी मी गाडी उभी असतानाही लाल चावी चालू ठेवायला लागले. ते मात्र तुम्ही पकडलंत. सगळ्या बायांदेखत आवाज चढवलात, "चावी चालू कावून हाय? ट्रॉलीनं ट्रॉलीचं खावं. गाडीला हात लावायचा न्हाई. अडल्या येळंला हीच गाडी लागंल, समजलं का?" मला लई लागलं, आबा. चार लोकांत बोलल्याचा राग आला. पुण्याचं काम करतेय आणि वर बोलणी खातेय, असं वाटलं. दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले आणि चावी नेमानं काढत राहिले.

तिसऱ्या दिवशी नाही काढली. आजवर मी मनाशी म्हणत आले की बायांसाठी नाही काढली. खरं सांगते, त्या बोर्डावर माझाही फोन होता. यांचा फोन येऊन सहा दिवस झाले होते. रांगेत माझा नंबर शेवटचा, ट्रॉलीची बॅटरी संध्याकाळीच बसलेली. एका रात्रीनं काय होतंय, म्हणून चावी चालू ठेवून मी झोपले.

सकाळी चहा पिऊन तुम्ही म्हशीला वैरण टाकायला उठलात आणि तसेच खाली बसलात. अंग घामानं भिजलं होतं. चौघींनी उचलून तुम्हाला पिकअपच्या हौद्यात आडवं केलं, डोकं मागच्या फळीकडं. ड्रायव्हरनं स्टार्टर मारला. टक. पुन्हा टक. "बॅटरी बसली!" तो ओरडला. मी फळीपाशीच उभी होते. लाल चावी समोर, चालू. तो खाली उतरायच्या आत मी ती फिरवली, काढली आणि पदराला बांधली. खट्ट झालं. तुमचा कान तिथून वीतभर होता. डोळे मिटलेले होते. ड्रायव्हर मागं आला, खटक्याकडं पाहून म्हणाला, "चावी तर काढलेली हाय. आबा, तुमच्या वायरिंगनं घात केला की!" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "हां बे. खटका आतून चिकटला आसंल. माजंच काम कच्चं." मी शेजारी उभी होते आणि एक अक्षर बोलले नाही. ट्रॉली सोडवली, बायांनी ढकललं, पण चाकं भुसभुशीत मातीत फिरेनात. चाऱ्याचा ट्रॅक्टर येऊन गाडी ओढून सुरू होईपर्यंत अर्धा तास गेला. तालुक्याचा दवाखाना दिसायला लागला तेव्हा तुमचा हात माझ्या हातात गार होता. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

तेरावा झाल्यावर तुमच्याच टेस्टरनं मी ती वायरिंग टोकापासून टोकापर्यंत तपासली. एकही जोड ढिला नव्हता. खटका उघडून पाहिला, आत तांब्याच्या पट्ट्या नव्यासारख्या. तरी आपल्या भागात आजही म्हणतात, आबाची वायरिंग आबालाच भोवली. हेसुद्धा एकदा जेवताना तसंच म्हणाले आणि मी त्यांना वाढत राहिले.

मला एकच कळत नाही. तो आवाज तुम्हाला ऐकू आला होता का? नसेल आला, तर जन्मभराच्या कामाला कच्चं म्हणत तुम्ही गेलात. आला असेल, तर खटका चिकटलेला नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि चार लोकांत मला बोलणारे तुम्ही चार लोकांत माझ्यासाठी खोटं बोललात. रात्र रात्र हे घोळवते आणि दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी मला रडू येतं.

उद्या ड्रायव्हर गाडी न्यायला येईल. त्याला खरं काय ते सांगायचं ठरवलंय, पण ठरवून गप्प बसायची मला सवय आहे. हे पत्र पाठवायला तर पत्ताच नाही. बॅटऱ्यांच्या पावत्यांखाली घालून ठेवीन. त्याच्या गाडीला मी गाडी थांबली की बॅटऱ्यांचा जोड आपोआप तोडणारा नवा डबा बसवलाय, चावी नसलेला, आवाज न करणारा. लाल चावीचा खटका गिऱ्हाइकं अजून मागतात. मी म्हणते, संपलाय. संपलेला नाही, आबा. तुमचा तो खटका माझ्या गल्ल्याच्या मागं डब्यात आहे, चावीसकट. इतक्या वर्षांत मी तो एकदाही फिरवलेला नाही.